जेसी ओवेन्स : चौथं सुवर्णपदक आणि बॅटनची जागा



ओवेन्स म्हटलं की मुलांच्या निबंधात दोन गोष्टी हमखास येतात. बर्लिन ऑलिंपिकमध्ये चार सुवर्णपदकं जिंकली आणि हिटलरचा माज उतरवला. यातली तीन पदकं ओवेन्स यांनी एकट्याच्या जोरावर मिळवली. चौथं मात्र रिलेचं होतं, म्हणजे चौघांचं. ते कसं मिळालं, त्यासाठी कुणाला बाजूला बसावं लागलं, हे आपण वर्गात सहसा सांगत नाही. मीही बरीच वर्षं सांगत नव्हतो.

गेल्या वर्षी तालुकास्तरीय शालेय स्पर्धेत आमच्या मुलांचा ४ × १०० मीटर रिलेचा संघ पहिला आला आणि बाद झाला. शेवटच्या मुलाने फीत छातीवर घेतली तेव्हा पंचांचा झेंडा वर होता. पहिल्या बदलात बॅटन झोनच्या पुढे दिली गेली होती. मुलं रडली. एका पालकाने मला विचारलं की पोरगं तर रेषेच्या आत होतं, मग बाद कसं? प्रश्न चांगला होता. उत्तर मला माहीत होतं, पण त्या दिवशी ते नीट सांगता आलं नाही, कारण चूक पोराची नव्हती, माझी होती. ती कशी, ते पुढे ओघात येईलच. आधी ओवेन्स.

जेसी ओवेन्स यांचा जन्म १२ सप्टेंबर १९१३ रोजी अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात ओकव्हिल या खेड्यात झाला. पूर्ण नाव जेम्स क्लीव्हलँड ओवेन्स. दहा भावंडांत सगळ्यात धाकटा. आजोबांची पिढी गुलामगिरीतली, वडील हेन्री दुसऱ्याच्या जमिनीवर बटईने शेती करणारे. पीक कापसाचं. आता आपल्या गेवराई-माजलगावकडच्या मुलांना बटई म्हणजे काय आणि कापूस वेचणी म्हणजे काय हे समजावून सांगायची गरज पडत नाही. हा भाग वर्गात वाचताना मुलं माना डोलावतात. बोंडाच्या टोकाने बोटं कशी सोलतात हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. ओवेन्स सात वर्षांचा असतानाच घरच्यांबरोबर वेचणीला जायचा. तब्येत नाजूक, छातीचं दुखणं कायमचं. डॉक्टर परवडायचा नाही, त्यामुळे आईच घरगुती उपचार करायची.

तो नऊ वर्षांचा असताना कुटुंबाने गाव सोडलं आणि उत्तरेकडे ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँड शहरात मुक्काम हलवला. त्या काळात दक्षिणेतली लाखो कृष्णवर्णीय कुटुंबं अशीच उत्तरेकडच्या कारखान्यांच्या शहरांत गेली. आपल्याकडे दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेले कोयते ट्रकमध्ये बसतात आणि पट्टीवर मुलांची संख्या निम्मी होते. फरक एवढाच की आपली माणसं पट्टा पडला की परत येतात. ओवेन्स कुटुंब परत आलं नाही.

नव्या शाळेतला पहिला दिवस शिक्षकांनी जरूर वाचावा असा आहे. घरात या मुलाला जे. सी. म्हणायचे, जेम्स क्लीव्हलँडची आद्याक्षरं. बाईंनी नाव विचारलं. त्याने दक्षिणेकडच्या हेलात सांगितलं. बाईंना ऐकू आलं जेसी. त्यांनी हजेरीत तसंच लिहिलं आणि बिचाऱ्या पोराने दुरुस्ती केली नाही. जगाला माहीत असलेलं हे नाव म्हणजे हजेरीपटावरची एक चूक आहे. मी स्वतः एका मुलीचं आडनाव तीन महिने चुकीचं पुकारत होतो. तीही गप्प होती.

पुढच्या शाळेत त्याला चार्ल्स रायली हे क्रीडाशिक्षक भेटले. सराव शाळा सुटल्यावर असायचा, पण जेसीला तेव्हा चपला-बूट दुरुस्तीच्या दुकानात कामाला जावं लागे. रायलींनी त्याच्यासाठी सराव सकाळी शाळा भरायच्या आधी ठेवला. एका मुलासाठी रोज लवकर उठून मैदानावर येणं म्हणजे काय, हे आपल्यापैकी ज्यांनी केलंय त्यांना कळेल. तापलेल्या तव्यावर पाय पडावा आणि लगेच उचलावा तसं पळायचं, ही त्यांची शिकवण. जेसीला ते घोड्यांच्या शर्यतीला घेऊन गेले आणि घोडा अंग न आवळता कसा पळतो ते बघायला सांगितलं. घोड्यांचा विषय या गोष्टीत पुन्हा येणार आहे, आणि तेव्हा तो इतका सुखाचा नसेल.

१९३३ मध्ये शालेय राष्ट्रीय स्पर्धेत जेसीने १०० यार्ड ९.४ सेकंदांत पळून त्या वेळच्या जागतिक विक्रमाशी बरोबरी केली. शाळकरी मुलगा! पुढे तो ओहायो स्टेट विद्यापीठात गेला. शिष्यवृत्ती नव्हती. सामानाची लिफ्ट चालवणं, पेट्रोल पंपावर उभं राहणं, हॉटेलात वाढणं, अशी कामं करून शिक्षण झालं. संघाबरोबर प्रवास करायचा, पण गोऱ्या सहकाऱ्यांच्या हॉटेलात उतरायचं नाही, त्यांच्या खानावळीत जेवायचं नाही. विद्यापीठाच्या आवारात राहायलाही जागा नाही. इथले प्रशिक्षक लॅरी स्नायडर यांनी त्याची सुरुवात आणि लांब उडी घासून-पुसून घेतली.

२५ मे १९३५. अॅन आर्बर गावी विद्यापीठांची स्पर्धा. काही दिवसांपूर्वी जिन्यावरून पडल्याने ओवेन्स यांची पाठ इतकी धरली होती की वाकता येत नव्हतं. एक शर्यत पळून बघू, मग ठरवू, असं करत ते उतरले. पाऊण तासात तीन जागतिक विक्रम मोडले आणि एकाची बरोबरी केली. १०० यार्ड ९.४ सेकंद, लांब उडी ८.१३ मीटर, २२० यार्ड २०.३ सेकंद, २२० यार्ड अडथळे २२.६ सेकंद. यातला लांब उडीचा विक्रम २५ वर्षं टिकला. माझ्या मते ओवेन्स यांचा खरा मोठा दिवस हा. बर्लिनपेक्षाही. पण अॅन आर्बरला हिटलर नव्हता, त्यामुळे निबंधात हा दिवस येत नाही.

आता बर्लिन. ऑगस्ट १९३६. त्याच ऑलिंपिकमध्ये ध्यानचंद यांच्या संघाने हॉकीच्या अंतिम सामन्यात जर्मनीला ८-१ असं हरवलं. आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानेही त्या वेळी बर्लिनला जाऊन भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली होती. मुलांना हे सांगितलं की बर्लिन एकदम जवळ येतं.

धावपट्टी आजच्यासारखी सिंथेटिक नव्हती, कोळशाच्या राखेची होती. पाय रोवायला स्टार्टिंग ब्लॉक नव्हते. धावपटू छोटी खुरपी घेऊन यायचे आणि आपापल्या लेनमध्ये पायापुरते खड्डे खणायचे. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांच्या मैदानावर हे अजूनही चालतं, तेव्हा साधनं नाहीत म्हणून रडणाऱ्या मुलांना हा मुद्दा आवर्जून ऐकवावा. ओवेन्स यांनी ३ ऑगस्टला १०० मीटर १०.३ सेकंदांत जिंकली, ४ ऑगस्टला लांब उडी ८.०६ मीटर मारली आणि ५ ऑगस्टला २०० मीटर २०.७ सेकंदांत पार केली. तीन दिवसांत तीन सुवर्ण. लांब उडीत दुसरा आलेला जर्मनीचा लुत्स लाँग स्वतःच्या देशाच्या हुकूमशहासमोर ओवेन्स यांच्या गळ्यात हात घालून चालला. पुढे १९४३ मध्ये महायुद्धात तो मारला गेला.

हिटलरने ओवेन्सशी हात मिळवायला नकार दिला, ही गोष्ट आपण सगळेच सांगतो. जरा जपून सांगावी. पहिल्या दिवशी त्याने काही विजेत्यांना बोलावून अभिनंदन केलं होतं. त्यावर ऑलिंपिक समितीने कळवलं की अभिनंदन करायचं तर सगळ्यांचं करा, नाहीतर कुणाचंच नको. त्यानंतर त्याने जाहीर अभिनंदन बंद केलं. ओवेन्स यांचं पहिलं पदक दुसऱ्या दिवसाचं.

तीन पदकं झाली. ओवेन्स यांचं ठरलेलं काम संपलं होतं. ४ × १०० रिलेच्या संघात त्यांचं नाव नव्हतं.

रिलेसाठी चार नावं ठरली होती : सॅम स्टोलर, मार्टी ग्लिकमन, फॉय ड्रेपर आणि फ्रँक वायकॉफ. हे चौघं बर्लिनमध्ये बॅटन बदलण्याचा सराव करत होते. त्यांच्यातल्या तिघांची तिथे चाचणी शर्यतही झाली होती. तिच्यात स्टोलर पहिला, ग्लिकमन दुसरा आणि ड्रेपर तिसरा आला. प्राथमिक फेरीच्या दिवशी सकाळी मुख्य प्रशिक्षक लॉसन रॉबर्टसन यांनी बैठक बोलावली आणि सांगितलं की स्टोलर आणि ग्लिकमन यांच्या जागी ओवेन्स आणि राल्फ मेटकाफ पळतील. कारण असं दिलं की जर्मनांनी चांगले धावपटू लपवून ठेवले आहेत अशी बातमी आहे, त्यामुळे आपले सगळ्यात वेगवान गडी उतरवायला हवेत.

स्टोलर आणि ग्लिकमन हे दोघं ज्यू होते. अमेरिकेच्या धावण्या-फेकण्याच्या संपूर्ण पथकात एकही स्पर्धा न खेळता घरी गेलेले दोघंच, आणि ते हेच. हिटलरच्या मैदानावर ज्यू खेळाडू विजयमंचावर उभे राहू नयेत म्हणून वरून दबाव आला का, की सहप्रशिक्षक डीन क्रॉमवेल यांना आपल्या विद्यापीठाचे ड्रेपर आणि वायकॉफ संघात ठेवायचे होते, यावर आजही एकमत नाही. ग्लिकमन यांचा स्वतःचा कल शेवटपर्यंत पहिल्या कारणाकडे होता.

ओवेन्स त्या बैठकीत बोलले. आपल्याला पदकं मिळाली आहेत, आपण थकलो आहोत, या दोघांनी मेहनत घेतली आहे, त्यांनाच पळू द्या, अशा अर्थाचं त्यांनी म्हटल्याचं ग्लिकमन यांनी नंतर सांगितलं आहे. त्यांना गप्प बसवण्यात आलं. जे सांगितलंय ते करायचं. ओवेन्स यांनी ते केलं. कृष्णवर्णीय मुलाने गोऱ्या प्रशिक्षकासमोर याहून जास्त ताणणं तेव्हा किती शक्य होतं, हे आपण आज खुर्चीत बसून ठरवू नये. पण त्यांनी तोंड उघडलं होतं, एवढं नक्की.

आता थोडं मैदानाकडे वळू, कारण सराव केलेले दोन गडी काढून न सराव केलेले घालणं रिलेत एवढं जोखमीचं का असतं, ते बॅटनच्या नियमाशिवाय कळत नाही.

रिलेत शर्यत माणसाची नसते, बॅटनची असते. बॅटन म्हणजे २८ ते ३० सेंटीमीटर लांबीची, गुळगुळीत पोकळ नळी, वजन ५० ग्रॅमपेक्षा कमी नाही. ही नळी ठरलेल्या झोनमध्येच एका हातातून दुसऱ्या हातात जायला हवी. बदल कधी सुरू झाला? घेणाऱ्याच्या हाताचा तिला पहिला स्पर्श झाला तेव्हा. कधी संपला? ती फक्त घेणाऱ्याच्या हातात उरली तेव्हा. या दोन क्षणांना बॅटन झोनमध्ये होती की नाही, एवढंच पंच बघतो. पाय कुठे होते, धड कुठे होतं, याचा संबंध नाही. घेणारा रेषेच्या पुढे गेला असेल, पण मागे केलेल्या हातातली बॅटन रेषेच्या आत असेल, तर बदल बरोबर. त्या पालकांच्या प्रश्नाचं उत्तर हे. आमच्या वेळी पळत येणारा मुलगा रेषेच्या आतच होता, पण त्याने पुढे लांबवलेल्या हातातली बॅटन घेणाऱ्याच्या हातात जाईपर्यंत रेषा मागे पडली होती. पालक पोराकडे बघत होते, पंच बॅटनकडे.

झोन आज ३० मीटरचा असतो. प्रत्येक १०० मीटरच्या खुणेच्या २० मीटर आधी सुरू होतो आणि १० मीटर पुढे संपतो. घेणाऱ्याने उभं राहायचं ते झोनच्या आत. काही वर्षांपूर्वीपर्यंत २० मीटरचा झोन आणि त्याच्या आधी वेग घ्यायला १० मीटर अशी पद्धत होती. जुनी आखणी असलेल्या मैदानावर गोंधळायचं कारण नाही. फक्कीच्या रेषा त्याच जागी राहतात. पूर्वी पहिल्या १० मीटरमध्ये नुसतं पळता यायचं, आता तिथे बॅटन घेताही येते. शेवटची रेषा हललेली नाही, आणि मुलं बाद होतात ती तिथेच.

१९३६ मध्ये हे वेग घ्यायचे जादा १० मीटरसुद्धा नव्हते, ते १९६० च्या दशकात आले. ओवेन्स यांच्या वेळी २० मीटरचा झोन, त्यातच उभं राहायचं, त्यातच वेग पकडायचा आणि त्यातच बॅटन घ्यायची. म्हणजे मागून येणारा पूर्ण वेगात, पुढचा निम्म्या वेगात, आणि चूक झाली तर सावरायला जागा नाही. मागचा गडी अमुक खुणेवर आला की मी सुटायचं, हे घेणाऱ्याला त्याच जोडीदाराबरोबर पन्नास वेळा पळूनच कळतं. ही खूण म्हणजे चेक मार्क. आपापल्या लेनमध्ये चिकटपट्टीने एकच खूण करता येते, मातीच्या मैदानावर ओरखडा ओढतात. जोडीदार बदलला की खूण बदलते. वेगवान मुलगा घातला म्हणजे संघ वेगवान झाला असं होत नाही, आणि मी नेमकी तीच चूक केली होती.

आमच्या संघात दुसऱ्या टप्प्याला पळणारा एक मुलगा होता. वस्तीवरून चालत यायचा, आई-वडील दरवर्षी तोडणीला जातात. जून महिन्यापासून त्याने पहिल्या मुलाबरोबर बदल घोटला होता. स्पर्धेच्या दिवशी सकाळी लांब उडीत आमच्याच एका दुसऱ्या मुलाने पहिला नंबर काढला. अंगात वारं भरलेलं. मी ऐनवेळी त्याला दुसऱ्या टप्प्याला घातलं आणि वस्तीवरच्या मुलाला टी-शर्ट काढून द्यायला सांगितलं. नव्या मुलाने जुनीच खूण धरली. तो वेगवान, त्यामुळे फार पुढे सुटला. मागचा बिचारा हात लांब करून पळत राहिला आणि बॅटन पोहोचली तेव्हा रेषा गेली होती. वस्तीवरचा मुलगा काही बोलला नाही. टी-शर्टची घडी घालून दिली त्याने.

बर्लिनमध्ये तसं झालं नाही. ओवेन्स यांना पहिला टप्पा दिला. माझा अंदाज असा की त्यात शहाणपण होतं, कारण पहिल्या गड्याला बॅटन घ्यायची नसते, फक्त द्यायची असते. सरावाअभावी होणारी निम्मी चूक तिथेच टळते. दुसऱ्या टप्प्याला मेटकाफ, मग ड्रेपर, शेवटी वायकॉफ. पहिला आणि तिसरा गडी वळणावर पळतात, त्यामुळे त्यांनी बॅटन उजव्या हातात धरून लेनच्या आतल्या कडेने पळावं, दुसऱ्याने आणि चौथ्याने डाव्या हातात घ्यावी, ही आजची सर्वमान्य पद्धत. दुसरा गडी लेनच्या बाहेरच्या अंगाला उभा राहतो, म्हणजे येणाऱ्याचा उजवा हात थेट त्याच्या डाव्या हाताशी येतो. तिसरा आतल्या अंगाला, चौथा पुन्हा बाहेरच्या. हात बदलायची वेळच येत नाही. मुलांना हे बोलून कळत नाही. चौघांना चालत-चालत चार चकरा मारायला लावा, मग कळतं.

९ ऑगस्ट १९३६ रोजी अंतिम शर्यत झाली. ओवेन्स यांनी पहिल्या टप्प्यातच अंतर पाडलं आणि ते पुढे वाढतच गेलं. अमेरिकेची वेळ ३९.८ सेकंद, जागतिक विक्रम. तो २० वर्षं टिकला. दुसऱ्या इटलीची वेळ ४१.१. जर्मनी ४१.२ वेळेसह तिसरी, तीही नेदरलँड्सचा संघ बाद झाला म्हणून. जर्मनांनी लपवलेले धावपटू कुठेच नव्हते. दीड सेकंदाच्या आसपासचं अंतर रिलेत म्हणजे डझनभर मीटर. ठरलेले चौघं पळाले असते तरी सुवर्ण आलं असतं, असं मानायला भरपूर जागा आहे.

त्याच दिवशी महिलांच्या रिलेत घडलं ते मी मुलांना मुद्दाम सांगतो. जर्मन मुलींनी प्राथमिक फेरीत ४६.४ सेकंदांचा जागतिक विक्रम केला होता. अंतिम शर्यतीत त्या चांगल्या आठ-दहा मीटर पुढे होत्या. शेवटच्या बदलाला इल्झे ड्योरफेल्ट हिच्या हातून बॅटन पडली. संपलं. अमेरिकेच्या मुली जिंकल्या. आजचा नियम असा की ज्याच्याकडून बॅटन पडली त्यानेच ती उचलायची. त्यासाठी लेन सोडावी लागली तरी चालते, पण अंतर कमी होता कामा नये आणि दुसऱ्याला अडथळा होता कामा नये. उचलून पळालं तर संघ बाद होत नाही. आपल्याकडे बॅटन पडली की मुलं कपाळाला हात लावून उभी राहतात. उचलायला शिकवा.

ओवेन्स मायदेशी परतले. मिरवणूक निघाली, न्यूयॉर्कच्या मोठ्या हॉटेलात सत्कार झाला, आणि त्या सत्काराला जायला त्यांना सामानाच्या लिफ्टने वर जावं लागलं. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्यांना भेटीला बोलावलं नाही. ऑलिंपिकनंतरचा प्रदर्शनी शर्यतींचा युरोप दौरा अर्धवट सोडला म्हणून क्रीडा संघटनेने त्यांना निलंबित केलं होतं, म्हणजे शर्यतीही संपल्या. वय २३. घरी पत्नी रूथ आणि लहान मुलगी, पुढे आणखी दोन मुली झाल्या. पोटासाठी त्यांनी मिळेल ते केलं. कपडे धुण्याचा धंदा काढला, तो बुडाला. डिसेंबर १९३६ मध्ये क्यूबातल्या हवाना शहरात ते घोड्याशी शर्यत पळले आणि जिंकले. नंतरही गावोगावी अशा शर्यती पळले. ज्या मुलाला त्याच्या मास्तरांनी घोडा बघून पळायला शिकवलं होतं, त्याला तिकीट लावून घोड्याशेजारी उभं केलं गेलं. ओवेन्स यांना त्याची लाज नव्हती असं नाही, पण चार सुवर्णपदकं खाता येत नाहीत, हे त्यांनी पुढे अनेकदा बोलून दाखवलं.

१९५० च्या दशकात दिवस पालटले. १९५५ मध्ये अमेरिकी सरकारने त्यांना सदिच्छा दूत म्हणून आशियाच्या दौऱ्यावर पाठवलं. त्यात भारतही होता. इथल्या तरुण खेळाडूंना त्यांनी धडे दिले, भाषणं केली. त्याच्या आदल्याच वर्षी मनिलाच्या आशियाई स्पर्धेत भारतीय मुलींनी ४ × १०० रिलेचं सुवर्ण जिंकलं होतं. स्टेफी डिसूझा, मेरी डिसूझा, व्हायोलेट पीटर्स आणि क्रिस्टीन ब्राऊन. ही चार नावं आपल्या पाठ्यपुस्तकात यायला हवीत. धावण्यात बीडचं नाव अविनाश साबळेने जगात नेलं आहेच, तो आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा, पण त्याची शर्यत एकट्याची. रिलेसाठी चार लागतात.

१९७६ मध्ये ओवेन्स यांना अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला. सिगारेटचं व्यसन मात्र सुटलं नाही. ३१ मार्च १९८० रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने त्यांचं निधन झालं.

बर्लिनच्या त्या संघातले ड्रेपर १९४३ मध्ये युद्धात उत्तर आफ्रिकेत गेले. मेटकाफ पुढे खासदार झाले. ग्लिकमन नावाजलेले क्रीडा समालोचक बनले आणि ती सकाळ ते आयुष्यभर सांगत राहिले. ओवेन्स यांच्याबद्दल त्यांनी कधी वाकडं काही म्हटलं नाही. स्टोलर १९८५ मध्ये वारले. १९९८ मध्ये, म्हणजे ६२ वर्षांनी, अमेरिकेच्या ऑलिंपिक समितीने ग्लिकमन आणि स्टोलर या दोघांना सन्मानचिन्ह दिलं. घ्यायला एकटे ग्लिकमन होते.

हा पाठ मी यंदा जुलैत घेतला. वस्तीवरचा मुलगा गेल्या दिवाळीनंतर आई-वडिलांबरोबर गेला होता, एप्रिलमध्ये परत आला. पाठ संपल्यावर त्याने विचारलं की ग्लिकमन नंतर कधी पळाला का. मी म्हटलं, पळाला, पण ऑलिंपिकमध्ये नाही. मग मी त्याच्याशी गेल्या वर्षीच्या टी-शर्टबद्दल बोललो. जे बोलायचं होतं ते बोललो. तो मान खाली घालून ऐकत होता. नंतर आम्ही मैदानावर गेलो आणि त्याची खूण नव्याने मोजली, टाचेला पंजा लावत. गेल्या वर्षी एकवीस पावलं होती. यंदा पहिल्या टप्प्याचा मुलगाही वाढलाय आणि हाही. तेवीस आली.